शब्दचर्चा : ‘परीक्षेत आणू नको’ की ‘मोहात पडू देऊ नकोस’?

वेंगुर्ल्याहून प्रश्न : माझं माहेर प्रॉटेस्टंट, त्यामुळे येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत तोंडी बसलेलं वाक्य ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’. सासर कॅथलिक. सासूबाई कोंकणीत ‘ताळणेंत पडूंक दिवूं नाका’ म्हणतात, आणि मराठी मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मी ‘मोहात पडू देऊ नकोस’ ऐकलंय. मुलगा यंदा दहावीला. काल रात्री प्रार्थना संपल्यावर विचारतो, “आई, यात मार्चमधली पण धरली काय?” हसू आलं, पण प्रश्न खरा आहे. परीक्षा आणि मोह एक कसे?

वसई : मूळ ग्रीक शब्द ‘पेइरास्मोस’. कसोटी आणि भुरळ, दोन्ही अर्थ त्यात आहेत. मराठीत दोन्ही पेलणारा शब्द नाही, म्हणून भाषांतरकाराला दर वेळी एक निवडावा लागतो. बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा पहिलाच अध्याय बघा. सुरुवातीला परीक्षा आली की आनंद माना म्हणतो, पुढे तेराव्या वचनात देव कोणाला मोहात घालत नाही म्हणतो. ग्रीकमध्ये धातू एकच! पोप फ्रान्सिस यांनीही २०१७ मध्ये याच ओळीच्या इटालियन भाषांतरावर बोट ठेवलं होतं : मोहात ढकलणारा बाप नव्हे, बाप पडलेल्याला उठवतो.

मालवण : चौदावं वचनही वाचा. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो आणि भुलतो. तिथलं ‘भुलणं’ ग्रीकमध्ये आमिष लावण्याचं क्रियापद आहे. आमच्याकडे हे समजवायला नको. गरीक सुंगट (कोळंबी) लावलेला, गोबरो मासो येता, वास घेता, आणि तोंड तोच उघडता. गरवणारो काय पाण्यात उतरून माशाचा तोंड फाडीत नाय. गंमत म्हणजे ‘आमिष’ म्हणजे संस्कृतात आधी मांसच.

रत्नागिरी : मला ‘मोह’ प्रार्थनेला हलका वाटतो. गीतेत अर्जुन ‘नष्टो मोहः’ म्हणतो तेव्हा तो शब्द बुद्धीवरच्या धुक्याचा होता. आज आपण दुसऱ्या हापूसचा मोह आवरला नाही म्हणतो, आणि ऐकणारा फोडी पुढे सरकवतो. पाप वगैरे कोणाच्या मनातही येत नाही.

वेंगुर्ला : काका, पटलं. शिवाय मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात येशू चाळीस दिवसांचा उपाशी आहे. दगडाची भाकर कर म्हणणारा सैतान समोर आहे. भूक खरी, डोकं शाबूत. धुकं कुठेच नाही. सैतान तीनदा डिवचतो, आणि तीनही वेळा येशू ‘असा शास्त्रलेख आहे’ म्हणून अनुवादाच्या पुस्तकातलं वचन सांगतो, हुज्जत घालत नाही. (अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, मोशेचं पाचवं पुस्तक. इथे घोटाळा नको.) मला तिथे ‘परीक्षा’च बरोबर वाटते.

रत्नागिरी : पण क्रियापदांकडे बघा बाई. संकट टाळतात, मोह आवरतात. आवरायचं ते आपलंच असतं : राग, हसू, पसारा, दावं तोडलेली गुरं. म्हणजे मोह बाहेरून आला तरी दोरी आपल्या हातात आहे, हे मराठीने धरून ठेवलंय. याकोब तेच सांगतोय. मात्र त्याच पत्रात सैतानाला ‘अडवा’ म्हटलंय. त्याला आवरायचं नाही, दारातच अडवायचा.

मालवण : आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘विश्वासात दृढ’ राहून. दृढ म्हणजे नांगर टाकलेली होडी. हलता, पण जाग्यार.

वसई : होडीचा दाखला चांगला, फक्त आपल्या मराठीत विश्वासही ‘बसतो’ आणि ‘उडतो’, तेव्हा नांगर नीट बघून टाका.

वेंगुर्ला : ‘ताळणी’ राहिलीच. मला ती ऐकताना गणिताचा ‘ताळा’ आठवतो, उत्तर बरोबर आलं का ते पडताळणारा. सासूबाईंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, “ताळो दुकानाच्या वहीचो. ताळणी येता तेव्हा वही कोण उघडता?” आणि माळ घेऊन आत गेल्या.