सोसायटीच्या ग्रुपवर पिन केलेला मेसेज आपोआप गायब झाला, असं का होतं?

मुलुंडची_सेक्रेटरी:
आमच्याकडे टाकी साफ करायची होती म्हणून बुधवारी पाणी बंद, तो मेसेज मी दहा दिवस आधीच व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून पिन केला होता. मंगळवारी रात्री बघते तर वर काहीच नाही, मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली पार गाडला गेलेला. तिसऱ्या मजल्यावर एक आजी आणि तान्हं बाळ, त्यांनी पाणीच भरून ठेवलं नव्हतं, मला फार वाईट वाटलं. मी अनपिन केलं नव्हतं मग काढला कोणी?

बोरिवली_पश्चिम:
कोणी काढला नसणार ताई, मुदत संपली. पिन करताना २४ तास, ७ दिवस की ३० दिवस असं विचारतं, त्यात ७ दिवस आधीच निवडलेलं असतं आणि आपण घाईत तेच दाबून मोकळे होतो. तुमचा रविवारीच उतरला असेल. पुढच्या वेळी ३० निवडा, काम झालं की हाताने काढा.

परळकर:
ह्यात अजून एक आहे, एका चॅटमध्ये तीनच पिन राहतात (डिसेंबर २०२३ ला हे आलं तेव्हा तर एकच होता). चौथा केला की सगळ्यात जुना जातो. आमच्या चाळीत वर्गणी, लिफ्टवाला, हरवलेली चावी, जो तो पिन करायचा आणि पाण्याचा मेसेज बाहेर. शेवटी ग्रुप परमिशनमध्ये जाऊन ग्रुप सेटिंग बदलायची परवानगी फक्त ॲडमिनला ठेवली, पिन करणं त्यातच येतं. दोघे रुसले पण पाण्याचा मेसेज तरी जागेवर राहतो आता, आणि माझ्या मते तेच महत्त्वाचं.

दादरची_मावशी:
नवीन भाडेकरू विसरू नका हं. पिन केल्यानंतर जो ग्रुपमध्ये येतो त्याला तो मेसेज दिसतच नाही, त्याच्यासाठी परत टाकून परत पिन करावा लागतो. प्लंबर, वॉचमन, टँकरवाला हे नंबर तर पिनमध्ये ठेवूच नका, ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये घाला, तिथे मुदत नाही. टेलिग्रामवर २०२० पासून कितीही पिन करता येतात आणि ते आपोआप उतरत नाहीत, पण बिल्डिंगमधले सगळे तिकडे येणार कुठे.

मुलुंडची_सेक्रेटरी:
बघितलं, ७ दिवसच होतं. परमिशन आत्ताच बदलली, नंबर डिस्क्रिप्शनमध्ये टाकले. आजींकडे मात्र पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगणार.