मदत हवी आहे : डाळमिलसाठी हंगामात तूर किती भरावी आणि माल अडू नये म्हणून काय करावे?

डाळवाला_लातूर

नमस्कार. लातूरच्या औद्योगिक वसाहतीत आमची तुरीची छोटी डाळमिल आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, सुरू केलेला हा व्यवसाय गेली सहा वर्षे मी पाहतो. यंत्रांची क्षमता दिवसाला १० टन तूर भरडण्याची आहे, प्रत्यक्षात सरासरी ६ टनच भरडली जाते. हा फरक कशामुळे पडतो ते पाहण्यासाठी गेल्या वर्षाच्या नोंदी काढल्या, तेव्हा लक्षात आले की यंत्र बिघडल्यामुळे वाया गेलेले दिवस अगदी थोडे आहेत. बाकीचे दिवस कशाची ना कशाची वाट पाहण्यात गेले आहेत. कधी तूर नसते, कधी तूर असून छापील पाकिटे नसतात, आणि दोन्ही असली तर ट्रक नसतो.

गेल्या वर्षाचा क्रम असा. जानेवारी ते मार्च या काळात आवक जोरात असताना हाताशी होते तेवढ्या पैशांची तूर घेतली आणि ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपली. त्यानंतर आठवड्याच्या आठवड्याला बाजारातून घ्यावी लागली. भाव चढलेला आणि प्रत्येक वकल (मालाचा ढीग) वेगळ्या गावचे, त्यामुळे डाळीचा उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, एके दिवशी ७२ टक्के आला तर दुसऱ्या दिवशी ६८ टक्के. सप्टेंबरमध्ये पुण्याच्या एका किराणा साखळीने अर्ध्या किलोच्या पाकिटांची मोठी मागणी नोंदवली. ती पुढेही तशीच राहील असे धरून आम्ही ११ टन डाळ जादा भरून ठेवली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी एक किलोची पाकिटे मागितली. आमच्याकडे एक किलोचे पाकीट शिल्लक नव्हते, छपाईवाल्याने २५ दिवस सांगितले आणि ती मागणी दुसऱ्याकडे गेली. अर्ध्या किलोचा माल मात्र तसाच पडून राहिला, त्यातला काही पाकिटे फोडून पुन्हा कट्ट्यांत भरावा लागला. त्याच सुमारास सोयाबीनची आवक सुरू झाल्याने ट्रकचे भाडे वाढले होते, ते निराळेच.

यावरून घरात रोज वाद होतो. अण्णांचे म्हणणे असे की ज्याने हंगामात कोठी भरली नाही तो डाळवालाच नव्हे. मी व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात शिकलो ते याच्या उलट आहे : साठा म्हणजे अडकलेला पैसा, तो जितका कमी तितके चांगले. अण्णांच्या पद्धतीला पैसा पुरत नाही आणि माझ्या पद्धतीने माल पुरत नाही.

आमच्या विक्रीपैकी साधारण तिसरा हिस्सा लातूरच्या खानावळींना जातो. शिकवणी वर्गांच्या विद्यार्थ्यांमुळे ही मागणी जूनमध्ये एकदम चढते आणि मे महिन्यात प्रवेशपरीक्षा संपल्या की तितक्याच झपाट्याने उतरते. तेवढीच एक गोष्ट आम्हाला आधी कळते, बाकी मागणी फोन येईल तेव्हा. अशा धंद्यात किती तूर भरावी, पाकिटे केव्हा मागवावीत आणि ग्राहकाच्या मागणीचा अंदाज कसा बांधावा, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

वाळूजचा_भांडारपाल

वाळूजमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी २७ वर्षे भांडार आणि खरेदी सांभाळली. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा मनात आले ते असे की तुम्ही आणि अण्णा दोघेही बरोबर आहात, मात्र वेगवेगळ्या वस्तूंच्या बाबतीत.

आमचा माल गाड्या जोडणाऱ्या कारखान्याला दिवसातून तीन-चार खेपांनी जाई आणि आमच्याकडे तयार मालाचा साठा तासांत मोजला जाई. बाहेरच्यांना ही निव्वळ शिस्तीची किमया वाटते. शिस्त होतीच, पण पुढचा कारखाना महिन्याचा आराखडा आम्हाला आधी देत असे म्हणूनच ते जमत होते. तुम्हाला असा आराखडा कोणी देत नाही, शिवाय तुमचा कच्चा माल वर्षातून एकदाच पिकतो. ज्या टोयोटाचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते, त्याच टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर चिपांसारख्या लवकर न मिळणाऱ्या भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांना ठेवायला लावला आणि २०२१ च्या चिपटंचाईत सुरुवातीचे काही महिने तो साठा कामी आला. म्हणजे साठा कमी ठेवा हा नियम सरसकट नाही. जी वस्तू लवकर आणि खात्रीने मिळते ती कमी ठेवावी, जी मिळायला वेळ लागतो किंवा जिची खात्री नाही ती जास्त ठेवावी.

आता तुमच्या पुरवठ्याच्या साखळीकडे पाहा. अखंड तुरीची तुम्ही कोणतीही डाळ करू शकता. कट्ट्यातली डाळ खानावळीलाही जाते आणि पाकिटातही. अर्ध्या किलोच्या पाकिटात गेलेली डाळ मात्र अर्ध्या किलोचे पाकीट होऊन बसते. म्हणून साठा शक्य तितका मागच्या टप्प्यावर ठेवावा आणि पाकिटे मागणी हातात आल्यावरच भरावीत. तुमचे ११ टन अडकले ते साठा जास्त होता म्हणून नव्हे, तो चुकीच्या टप्प्यावर होता म्हणून.

पाकिटांचा हिशेब सोपा आहे. समजा रोज एक किलोची २,००० पाकिटे लागतात आणि मागणी दिल्यापासून ती यायला एरवी १८ दिवस लागतात, पण वाईटात वाईट ३० दिवस लागले आहेत. तर भांडारात ६०,००० पाकिटे उरतील त्या दिवशी नवी मागणी गेलीच पाहिजे. त्यातली ३६,००० नेहमीच्या १८ दिवसांसाठी आणि २४,००० उशिरासाठी. हा आकडा भिंतीवर लिहा. पाकिटे मोजणाऱ्या माणसाला मालकाला विचारण्याची गरजच पडू नये. शिवाय किंमत, तारीख आणि वकल क्रमांक छपाईवाल्याकडून छापून न घेता भरताना आपल्याच यंत्राने छापावा. नाही तर किंमत बदलली की जुनी पाकिटे रद्दीत जातात.

तुमच्या पुण्याच्या ग्राहकाबद्दल माझी शंका अशी आहे की सप्टेंबरची मागणी ही मुळात विक्री नव्हतीच. सणासुदीच्या तोंडावर त्यांनी दुकानांच्या फळ्या भरून घेतल्या असाव्यात. दुकानात थोडी मागणी वाढली की दुकानदार जरा जास्त मागवतो, त्याचा वितरक आणखी जास्त, आणि कारखान्यापर्यंत येताना तो आकडा दुप्पट झालेला असतो. आसूडाची मूठ वीतभर हलली तरी टोक वावभर फिरते, तसे हे आहे. त्यावर उपाय एकच. त्यांच्या खरेदी अधिकाऱ्याकडे मागणीचा आकडा न मागता दर सोमवारी दुकानांत प्रत्यक्ष किती पाकिटे विकली गेली तो आकडा मागा. पहिल्यांदा देणार नाहीत. वेळेवर मालाची हमी दिलीत तर देतील, कारण रिकामी फळी त्यांनाही नको असते.

डाळवाला_लातूर

आपण फारच उलगडून सांगितले, आभारी आहे. साठ्याचा टप्पा ही गोष्ट अण्णांनाही पटली. ते म्हणाले, हेच तर मी सांगत होतो.

तुरीबद्दल आमचा हिशेब मांडतो. महिन्याला १५० टन तूर लागते. एप्रिल ते डिसेंबर असे नऊ महिने धरले तर १,३५० टन, म्हणजे १३,५०० क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८,००० रुपये धरला तरी १० कोटी ८० लाख रुपये होतात. बँकेची मर्यादा आणि स्वतःचे भांडवल मिळून आमच्याकडे ४ कोटी आहेत, त्यातले सुमारे १ कोटी २० लाख कायम उधारीत असतात. उरलेल्या २ कोटी ८० लाखांत ३,५०० क्विंटल तूर येते, ती ५८ दिवस पुरते. शिवाय सरकार साठ्यावर मर्यादा घालते ती वेगळी. जून २०२३ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये ती लागू झाली, तेव्हा मिलसाठी मागील तीन महिन्यांचे उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे जास्त असेल तेवढाच साठा ठेवता येत होता. म्हणजे पैसे असते तरी नऊ महिन्यांची तूर भरता आली नसती.

तेरणाकाठ

मी कळंब तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे काम पाहतो, त्यामुळे तुमच्या पुरवठ्याच्या साखळीच्या अलीकडच्या टोकाबद्दल थोडे लिहितो.

नऊ महिन्यांची तूर तुमच्याच कोठीत आणि तुमच्याच पैशावर असली पाहिजे, असे आपण का धरून चालला आहात? आमच्याकडे बरेच शेतकरी जानेवारीत तूर विकत नाहीत. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत ती बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात ठेवतात. किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते, घरखर्च भागतो आणि भाव पाहून जून-जुलैपर्यंत माल सुटतो. नेमकी तेव्हाच तुमची कोठी रिकामी होत असते. जानेवारीतच आमच्यासारख्या दोन-तीन कंपन्यांशी बोलणे करून ठेवले, की अमुक गोदामातली अमुक तूर जूननंतर त्या दिवशीच्या बाजारभावाने आधी आम्हाला दाखवावी, तर साठा साखळीत राहील आणि त्यावर तुमचा पैसा अडकणार नाही. भाव आधी ठरवू नका. भाव ठरवून केलेला सौदा पडत्या बाजारात मिलवाला मोडतो आणि चढत्या बाजारात शेतकरी मोडतो, हे दोन्ही मी पाहिले आहे.

उताऱ्याबद्दल एक सुचवतो. आमच्या काही गावांत बहुतेक सर्वजण बदनापूरच्या संशोधन केंद्राचा बी.डी.एन. ७११ हा पांढऱ्या तुरीचा वाण पेरतात, त्यामुळे दाण्याचा आकार एकसारखा मिळतो. बाजारात आठ गावांची तूर एका ढिगात येते. लहान-मोठा दाणा एकाच रोलरमधून काढल्यावर बारीक दाण्याचे साल निघत नाही आणि जाड दाण्याची चुणी (चुरा) होते. पुरवठादारवार उताऱ्याची वही ठेवा. क्विंटलला शंभर रुपयांनी स्वस्त पडलेली तूर बहुतेक वेळा महागच पडलेली असते. आणि ओलावा १० टक्क्यांच्या वर असेल तर ती तूर साठवू नका. भुंगेरा उन्हाळ्यातच कामाला लागतो.

सप्टेंबरनंतर आफ्रिकेची तूर न्हावाशेवाला उतरते. खानावळीच्या मालासाठी मोझांबिकची गजरी नावाची तूर चालेल का, हे कट्टाभर भरडून आणि शिजवून आधीच पाहून ठेवावे. ऐन टंचाईत प्रयोग करू नये.

खतावणी

वर मांडलेल्या हिशेबात मला सर्वांत मोठा आकडा तुरीचा वाटला नाही, उधारीचा वाटला. १ कोटी २० लाख म्हणजे आपली सुमारे ३० दिवसांची विक्री असावी. ती २० दिवसांवर आली तर ४० लाख मोकळे होतात, त्यात ५०० क्विंटल तूर येते आणि मिल आठ दिवस अधिक चालते. आपली नोंदणी सूक्ष्म किंवा लघू उद्योग म्हणून असेल तर अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार ग्राहकाने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. आयकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातील कलम ४३ब (ज)) २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत आणि वर्षअखेरपर्यंतही न दिलेली रक्कम त्याला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, त्यामुळे मोठे ग्राहक हल्ली मार्चअखेर थोडे लवकर पैसे देतात. बिलावर नोंदणी क्रमांक छापलेला आहे ना, एवढे आधी पाहा.

साठवणुकीचा खर्चही कागदावर घ्या. ८,००० रुपयांच्या क्विंटलला १० टक्के दराने महिन्याला ६७ रुपये केवळ व्याज पडते. पाच महिन्यांचे ३३५, वर घट, कीड मारण्याची धुरी आणि हमाली. भाव ४०० रुपयांहून जास्त चढणार नसेल तर केवळ भावासाठी तूर धरण्यात अर्थ नाही. मिल बंद पडू नये म्हणून धरायची असेल, तर तो खर्च वेगळ्या रकान्यात लिहा, म्हणजे त्याचे मोल कळेल.

डाळवाला_लातूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री अण्णा आणि मी वही घेऊन बसलो आणि इतके ठरले : मार्चअखेर दोन महिन्यांचीच तूर स्वतःच्या पैशाने भरायची, जून ते ऑगस्टच्या मालासाठी कळंब आणि औसा भागातील दोन कंपन्यांशी डिसेंबरमध्येच बोलायचे, आणि मागणी हातात आल्याशिवाय एकही पाकीट भरायचे नाही. पाकिटांचा आकडा भिंतीवर लिहिला आहे. अण्णांनी तो खडूने ७५,००० केला. मी पुसला नाही. पुण्याच्या खरेदी अधिकाऱ्याने दुकानांतील विक्रीचा आकडा देण्याबद्दल विचार करतो असे सांगितले आहे.

ट्रकचा प्रश्न मात्र तसाच आहे. मागणीनुसार भरायचे म्हटले की खेपा लहान होतात, चार-पाच टनांसाठी पूर्ण गाडीचे भाडे परवडत नाही आणि ऑक्टोबरमध्ये तर गाडी मिळतच नाही. लातूरहून आठवड्यातून दोनदा पुण्याकडे अर्धी गाडी माल पाठवणारे येथे कोणी असतील, तर भाडे वाटून घेण्याबाबत कृपया याच धाग्यावर लिहावे. आमचा माल कोरडा आणि बंद कट्ट्यांतला असतो. वासाच्या मालाबरोबर, म्हणजे मिरची किंवा खत यांच्याबरोबर, तेवढा चालणार नाही.