‘चांगले’ दिवसही डॉक्टरांना सांगा

मिस्टरांच्या आजाराबद्दल विचारणाऱ्या ताईंना वर कुणीतरी लिहिलंय की डिप्रेशन आणि बायपोलर एकच, नाव तेवढं वेगळं. तसं नाही हो. बायपोलरमध्ये उदासीसोबत उन्मादाचे, म्हणजे अति उत्साहाचे दिवसही येतात. उदासी दोन्हीत सारखीच दिसते, म्हणून तर गफलत होते.

माझ्या धाकट्या भावाचं सांगते. सहा महिने अंथरुणातून उठत नव्हता. मग एकदा पहाटे तीनला माळ्यावरची भांडी काढून घासायला बसला. झोप जेमतेम दोन तास, तरी थकवा नाही; बोलणं थांबेना, हप्त्यावर दोन मोबाइल घेऊन आला. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा! आईने पेढे वाटले. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलं नाही आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या चालू राहिल्या. बायपोलरमध्ये त्या एकट्याच दिल्या तर उन्माद भडकू शकतो.

अशी अति उत्साहाची अवस्था सलग ४ दिवस टिकली तर हायपोमेनिया (सौम्य उन्माद), ७ दिवस टिकली किंवा ॲडमिट करावं लागलं तर मेनिया (तीव्र उन्माद) धरतात. भावाला बायपोलरच निघालं; आता तो लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहे. औषध जुनं, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरलेलं. पण रक्तातली पातळी, थायरॉइड, किडनी नियमित तपासावी लागते.

ताई, तुमच्या मिस्टरांच्या पुढच्या भेटीला त्यांच्या झोपेची नोंद लिहून न्या. आणि गोळ्या मनाने बंद करू नका.