विषय: १७ जूनची बस, उद्या संध्याकाळपर्यंत कळवा

मंडळी,
थिंगवेत्लिरच्या सहलीसाठी बसवाल्याचं उत्तर आलं. बुधवारी १७ ला, म्हणजे आइसलँडच्या राष्ट्रदिनी, नेलं तर ड्रायव्हरला मोठ्या सणाचा दर, म्हणजे साध्या ओव्हरटाइमपेक्षाही चढा. शनिवारी २० ला नेलं तर बरंच स्वस्त. ४५ सीटची गाडी, नावं ३१. आयत्या वेळी "आम्ही आमच्या गाडीने येतो" या वर्षी नको.
– माई

---

माई, दर आधी मला कळायला हवा होता, मग लिस्टवर. हिशेब अजून तरी माझ्याकडेच आहे.
शनिवार.
– खजिनदार

---

शनिवारी जायचं तर थिंगवेत्लिरच कशाला, इथं रेक्याविकमध्येच पेर्लानच्या टेकडीवर डबे खाऊ. अहो, १७ जून १९४४ ला भर पावसात थिंगवेत्लिरलाच प्रजासत्ताक जाहीर झालं. इ.स. ९३० पासून आल्थिंग, म्हणजे इथली संसद, तिथंच भरायची. कायदा लिहिलेला नव्हता, तेव्हा कायदेवक्ता खडकावर उभा राहून दरवर्षी एक तृतीयांश कायदा तोंडपाठ म्हणायचा. तीन वर्षांत सगळा. आपल्याला मंडळाची घटना वाचूनसुद्धा आठवत नाही.
तारीख हलवू नका.
– आप्पा

---

आप्पा, तुमचा सोहळा १९४४ चा. हल्ली १७ ला थिंगवेत्लिरला फक्त टुरिस्ट असतात. पुष्पचक्र वाहतात ते इथं रेक्याविकमध्ये, पार्लमेंटसमोर, स्वातंत्र्यचळवळीचे नेते योन सिगुर्दसन यांच्या पुतळ्यापाशी. १७ जून हा त्यांचाच जन्मदिवस (१८११), म्हणून तर ही तारीख निवडली. मग राष्ट्रीय पोशाखातली बाई कविता म्हणते, मुलांना फुगे मिळतात. माझ्या मुली ते सोडून बसमध्ये बसणार नाहीत, आत्ताच सांगते.
– कोपावोगुरची वहिनी

---

तारखेचं तुम्ही बघा, पण थिंगवेत्लिरला अल्मानग्याउच्या घळीतून सगळ्यांना चालवायचंच. ती उत्तर अमेरिकेच्या भूपट्टीची कड, युरेशियाची पट्टी दरीच्या पलीकडे, दोन्ही एकमेकींपासून वर्षाला साधारण २ सेंटिमीटर लांब सरकतात. आणि दगड आपलाच, बेसॉल्ट! गेल्या वर्षी त्या काळ्या भिंतीला हात लावला, गार, खरबरीत, फटीत शेवाळ, आणि पावसाळ्यातला सिंहगड आठवला. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला जुन्यातला जुना दीड कोटीच्या आसपास. म्हणजे हे आपलं शेंडेफळ. वात्रटही तितकंच: १७८३ च्या लाकीच्या उद्रेकानं गुरं मेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात देशातली पाचातली एक माणसं गेली.
(ग्रिंडाविकहून परतायचं कुणी सुचवू नये. २०२३ च्या नोव्हेंबरात ज्वालामुखीच्या भीतीनं ते गाव रिकामं करताना आपलेही दोघे तिथं होते, त्यांना विचारा.)
– दगडवाला

---

ड्रायव्हरच्या दरावरून कुरकुर नको. वर्षाला वीस लाखांवर पाहुणे आणि माणसं चार लाखांच्या आत, जूनमध्ये बस मिळतेय हेच नशीब. मासे, ॲल्युमिनियम आणि पाहुणे, या तीन दगडांवर इथली चूल. चौथा दगड बँकांचा होता. २००८ च्या ऑक्टोबरात तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात बसल्या आणि इथलं चलन, क्रोना, इतकं घसरलं की त्याच पगारात आईला पाठवायचे रुपये पार आटले. परकीय चलनावरची बंधनं सुटायला २०१७ उजाडलं. तेव्हा माझ्या बँकेतल्या बाईनं कागद तीनदा परत केले होते.
– आप्पा

---

आप्पा, मासेमारीच्या कोट्याबद्दल सुरू करू नका, गेल्या खेपेला दोन दिवस चाललं होतं.

श्रीखंडाचं कोण बघतंय? स्कीर (इथलं घट्ट दही) कुणीही टांगू नये, ते चक्क्यासारखं आधीच निथळलेलं असतं. मागे कुणीतरी (नाव घेत नाही) रात्रभर रुमालात बांधलं आणि सकाळी चमचा उभा राहिला. साय काढलेल्या दुधाचं असल्यामुळे रवाळ लागतं, म्हणून दोन चमचे क्रीम घाला, साखर नेहमीपेक्षा जास्त. केशर माझ्याकडे आहे. मोठं पातेलं कुणाकडे गेलंय?
– कोपावोगुरची वहिनी

---

पातेलं माझ्याकडे. रात्रभर टांगणारा मीच, सांगून टाकतो. हार्दफिस्कुर आणू का? लोणी लावून सुक्या बोंबलासारखा छान लागतो.
– दगडवाला

---

बंद बसमध्ये सुकं मासळं नाही. गेल्या वर्षी डिपॉझिट कापलं गेलं, ते मी भरलं.
– खजिनदार

---

अहो, बुधवार की शनिवार? नावं आता २९ झाली.
– माई