लहानपणीची न उलगडलेली गोष्ट: इंदूरकरांनो, तुमचीही सांगा

गणपती जवळ आले की मला एक गोष्ट छळते, म्हणून हा धागा. 1987 असेल, मी पहिलीत. अनंत चतुर्दशीची रात्र, कापड मिलच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला आम्ही सगळे रामबागेतून पायी निघालो, जेलरोडला ही गर्दी, आणि माझा हात बाबांच्या हातातून सुटला. म्हणजे मला तसं आठवतं. मग एका माणसाने मला खांद्यावर घेतलं, त्याच्या केसांत कापसाचे तंतू, अंगाला मशीनच्या तेलाचा वास, त्याने शेव-परमल घेऊन दिलं, एक पत्र्याची शिट्टी दिली, आणि वरून मी झांक्या बघितल्या, खाली नुसती डोकीच डोकी. पहाटे त्याने बरोब्बर आमच्या वाड्याच्या दाराशी आणून सोडलं. मी पत्ता सांगितला नव्हता, मला येतच नव्हता.

घरी विचारलं तर सगळ्यांचं एकच, तू हरवलीच नव्हतीस, ताप होता तुला, आजीजवळ झोपली होतीस. ठीक आहे. मग शिट्टी कुठून आली? अजून आहे माझ्याकडे.

तुमचं असं काही असेल तर लिहा. भुताचं असलं तरी चालेल पण स्वतःचं हवं, मावसभावाच्या मित्राचं नको.

*

माझं भर दुपारचं आहे. स्नेहलतागंज, मी चार वर्षांचा. गल्लीत चिटपाखरू नाही, दारं-खिडक्या बंद, ऊन आहे पण मळकट पिवळं, आणि आमच्या ओट्यावर एक अनोळखी बाई परातीत पाणी घेऊन त्यात बघत बसलीये. कितीतरी वर्षं मी हे स्वप्नच समजत होतो. कॉलेजात ट्यूब पेटली, 16 फेब्रुवारी 1980 चं सूर्यग्रहण! इंदूरला खग्रास नव्हतं पण सूर्य बराच झाकला होता, आणि पाण्यात ग्रहण बघायची तर जुनी पद्धतच. झालं, संपलं रहस्य. फक्त ती बाई कोण हे घरात कोणालाच सांगता येत नाही, आणि परात आमचीच होती, पोचा आलेली.

*

वाचतोय. रात्री नको होतं वाचायला.

*

आमचं आजोळ खंडव्याला, मीटरगेजने जायचो. पातालपाणीला गाडी थांबायची, आजोबा म्हणायचे टंट्या मामाला, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला, सलाम केल्याशिवाय ती पुढे जातच नाही. मग घाट उतरून कालाकुंड, तिथे पानाच्या द्रोणात कलाकंद मिळायचा. एकदा एका म्हातारीने खिडकीतून द्रोण दिला, पैसे घेतले नाहीत, आणि मला पाळण्यातल्या नावाने हाक मारली. ते नाव घरात पण कोणी घेत नाही, फक्त पत्रिकेत आहे. आई एवढी घाबरली की द्रोण तिने बाहेर फेकला. कलाकंद गेला त्याचं दुःख अजून आहे.

*

वडील रेल्वेत होते म्हणून सांगतो, पातालपाणीला घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासायला गाडी थांबवावीच लागायची. ड्रायव्हर लोक सलाम पण करायचे, उगाच रिस्क कोण घेईल. नावाचं मात्र मला नाही सांगता येणार भिया.

*

रंगाचा बेरंग करते, सॉरी, पण धागेवालीसाठी. मी सायकॉलॉजी शिकवते. 1995 मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांचा एक प्रयोग आला, 24 जणांना त्यांच्या घरच्यांनी सांगितलेल्या तीन खऱ्या गोष्टी दिल्या आणि चौथी खोटी, की लहानपणी तू मॉलमध्ये हरवला होतास आणि कोणीतरी भल्या माणसाने तुला घरच्यांपाशी आणलं. साधारण चौथ्या हिश्शाला ती पूर्ण किंवा अर्धीमुर्धी 'आठवली' पण! तुझी गोष्ट नेमकी तीच आहे गं. वास, खाऊ, सगळं डोकं नंतर भरतं.

*

मॅडम, कापसाचे तंतू पण डोक्याने भरले का? आमचे आजोबा हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर होते, पाळी संपवून यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या असायच्या. आणि झांक्या मिलचे कामगारच काढायचे, 1991 ला मिल बंद पडली तरी थांबले नाहीत. धागेवाल्या ताई, तुमचे वडील मिलमध्ये होते का? असतील तर त्या माणसाला पत्ता विचारायची गरजच काय?

*

बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते. सगळी मिल त्यांना ओळखायची. इतकी वर्षं हे माझ्या डोक्यातच नाही आलं!

आत्ता आईला फोन केला. आधी म्हणाली, पुन्हा तेच काय काढून राह्यलीस. मग बराच वेळ गप्प. मग म्हणे, ती शिट्टी तुझी नाहीये, दादाची आहे, तो हरवला होता, आजीला कळू द्यायचं नव्हतं म्हणून तेव्हा कोणी बोललं नाही, आणि तू खरंच घरी होतीस. आता आठवून बघतेय तर वाड्याचं ते दार मला आतून दिसतंय, अडसर लावलेलं.

पण मग ती खालची डोकी?

दादाला पुण्याला फोन लावला. तो म्हणतो, मी कधी हरवलोच नाही, आणि शिट्टी कसली?