अनुभव धागा : जॅक्सन स्टेटचा २०२२चा हंगाम

मिसिसिपीतल्या जॅक्सन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने (अमेरिकन फुटबॉल) २०२२ साली ओळीने १२ सामने जिंकले आणि शेवटचा गमावला. कृष्णवर्णीयांना इतर विद्यापीठांची दारं बंद होती त्या काळात त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी ही एक, १८७७ सालची. तो हंगाम तुम्ही कुठे, कोणासोबत पाहिलात ते लिहा. सुरुवात मी करते.

जॅक्सन, तेव्हाची पीएचडीची विद्यार्थिनी

जुलैअखेरपासून पाणी उकळून प्यायची सूचना होतीच. ऑगस्टच्या शेवटी पर्ल नदीला पूर आला, मुख्य जलशुद्धीकरण केंद्राचे पंप बंद पडले आणि दीड लाख लोकांच्या नळांना धड पाणी येईना. मी लातूरची. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी मी पाहिलंय. तरी इथे संडासासाठी बादल्या भरून ठेवाव्या लागतील असं कधी मनात आलं नव्हतं. वर्ग ऑनलाइन झाले, आवारात तात्पुरती शौचालयं आली. खेळाडूंनाही आंघोळीला पाणी नव्हतं. प्रशिक्षक डिऑन सँडर्स त्यांना हॉटेलांत हलवायच्या खटपटीत होते.

त्याच आठवड्यात, ४ सप्टेंबरला, मायामीत फ्लोरिडा ए अँड एमशी पहिला सामना. शेजारच्या आजींकडे पाहिला. बसायला बाटल्यांचे खोके होते, त्यांवरच बसले. ५९–३ ने जिंकलो. आजी दर टचडाउनला (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचला की) उठून उभ्या राहत होत्या. त्या याच विद्यापीठात शिकल्या. १५ मे १९७० ला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, पोलिसांनी अलेक्झांडर हॉल या वसतिगृहावर गोळ्या झाडल्या, दोन तरुण गेले, तेव्हा त्या तिथे विद्यार्थिनी होत्या. हे त्यांनी मध्यंतरात सांगितलं, टीव्हीचा आवाज बंद करून. मग परत चालू केला.

पाणी उकळण्याची सूचना १५ सप्टेंबरला उठली. १७ तारखेला घरच्या मैदानावर ग्रॅम्बलिंगविरुद्ध ६६–२४. त्या दिवशी मी आजींचा हात धरून पायऱ्या चढले.

स्टेडियमसमोरच्या रुग्णालयात तेव्हा निवासी डॉक्टर

२९ ऑक्टोबर, सदर्न विद्यापीठाविरुद्ध. ‘कॉलेज गेमडे’ हा ईएसपीएनचा कार्यक्रम त्या सकाळी जॅक्सनमध्ये भरला होता. रात्रपाळी संपवून मी थेट तिकडे. गाड्यांच्या मागे शेगड्या, मांसाचा धूर, आणि अनोळखी माणसाच्या हातात भरलेली प्लेट देण्याची पद्धत.

सामना ३५–० झाला, पण मला आठवतो तो हाफटाइम. इथे हाफटाइमला कोणी जागा सोडत नाही. ‘सॉनिक बूम ऑफ द साउथ’ हा बँड मैदानात येतो तेव्हा सगळ्यांची पाठ ताठ होते. मी पुण्यात सात वर्षं पथकात ताशा वाजवलाय, त्यामुळे कान आधी स्नेअरवर (ताशासारख्या कडक आवाजाच्या ड्रमवर) गेला. एवढ्या जणांचा एकही ठोका मागेपुढे नाही. सामना संपल्यावरही लोक थांबतात, कारण दोन्ही बँड एकमेकांना आळीपाळीने जबाब देत राहतात. त्याला ‘फिफ्थ क्वार्टर’ म्हणतात, कारण सामन्याचे भाग चारच असतात.

अटलांटा

माझे वडील औरंगाबादच्या नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात शिकले. १७ डिसेंबरला ते माझ्याकडे होते आणि मी त्यांना सेलिब्रेशन बोलला, म्हणजे अशा कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या विजेत्या संघांमधल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्याला, घेऊन गेलो. खेळाचे नियम त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, की ही दोन्ही कॉलेजं आपल्यासारखी आहेत ना? हो म्हटलं. जोतिरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ ज्या गुलाममुक्तीसाठी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्याच मुक्तीनंतर ही कॉलेजं उभी राहू लागली.

दोनच आठवड्यांपूर्वी सदर्नला ४३–२४ हरवून संघाने परिषदेचं (आपल्या गटातल्या विद्यापीठांच्या स्पर्धेचं) विजेतेपद घेतलं होतं आणि त्याच रात्री सँडर्स यांनी पोरांना सांगितलं, की मी कोलोरॅडो विद्यापीठाच्या संघाकडे चाललो. मला ते लागलं. देशातल्या शाळकरी खेळाडूंत पहिल्या क्रमांकाचा मानला गेलेला ट्रॅव्हिस हंटर फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाला दिलेला शब्द मोडून इथे आला होता. तोही आता जाणार हे सगळ्यांना कळत होतं. तरी नियमित वेळेच्या शेवटच्या क्षणी बरोबरीचा टचडाउन झेलला तो त्यानेच. वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. ओव्हरटाइममध्ये ४१–३४ ने हरलो. स्टेडियम रिकामं झालं तरी ते बसून होते. ‘शिकलेला पोरगा मोठ्या शहरात जातोच,’ एवढं बोलले. ते मिलिंदबद्दल होतं की जॅक्सनबद्दल, मी विचारलं नाही.

डरहम, नॉर्थ कॅरोलायना

जिंकलेल्या संघाचं नावही वर कुणी घेतलं नाही, म्हणून लिहिते. नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल. क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) डेव्हियस रिचर्ड. प्रशिक्षक ट्रे ऑलिव्हर स्वतः इथूनच खेळलेले. टीव्हीवर सगळं बोलणं सँडर्स यांच्याबद्दल चाललं होतं आणि आमची पोरं शांतपणे खेळत होती. त्या रात्री आमच्या गल्लीत उशिरापर्यंत हॉर्न वाजत होते.

पुन्हा जॅक्सनवाली

बरोबर आहे, सेंट्रलचं नाव मीच वर लिहायला हवं होतं.

१४ डिसेंबर २०२४ ला जॅक्सन स्टेटने टी. सी. टेलर यांच्या हाताखाली सेलिब्रेशन बोल २८–७ ने जिंकला. टेलर याच संघातून खेळलेले. मी तोवर ह्यूस्टनला आले होते. आजींना फोन लावला. त्यांनी उचलला, पण बोलल्या नाहीत. टीव्हीजवळ नेऊन धरला. बँड वाजत होता.