जुळ्यांपैकी एकीलाच सीएमव्ही. दोघींच्या श्रवणाची काळजी कशी घ्यावी?

प्रश्न : आमच्या जुळ्या मुलींपैकी धाकटीच्या लघवीत दुसऱ्या आठवड्यात सायटोमेगॅलोव्हायरस (सीएमव्ही) हा विषाणू आढळला, दोघींची ओएई चाचणी (आवाजाला आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी) मात्र व्यवस्थित आली. पुढील तपासण्या आवश्यक आहेत का?

उत्तर १ : अवश्य, कारण या संसर्गामुळे येणारे बहिरेपण जन्मतः नसले तरी काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उद्भवू शकते आणि वाढतही जाते. बेरा चाचणी (आवाजाला श्रवणनस व मेंदूचा प्रतिसाद मोजणारी) करून घ्या व शाळेच्या वयापर्यंत ठरावीक अंतराने श्रवण तपासत राहा.

उत्तर २ : ताई, जुळ्यांची वार (प्लॅसेंटा) एकच असली तरी कधीकधी एकाच बाळाला संसर्ग होतो. तरीही थोरलीची लघवी २१ दिवसांच्या आत तपासाच. त्यानंतर आढळलेला विषाणू जन्मापूर्वीचा की नंतरचा, हे त्या चाचणीवरून ठरवता येत नाही.

उत्तर ३ : व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध प्रामुख्याने लक्षणे असलेल्या बाळांना देतात. त्याने पांढऱ्या पेशी घटू शकतात. निर्णय बालसंसर्गतज्ज्ञांकडूनच घ्यावा.